‘गुप्त शुभवर्तमाने’ म्हणजे नेमके काय? ग्नॉस्टिकांचा येशू समजून घेताना

ईस्टर जवळ आला की मोबाइलवर एक ठरावीक धाटणीची चित्रफीत फिरू लागते. पडद्यावर जीर्ण पाने दिसतात, मागे गूढ संगीत वाजते आणि एक घोगरा आवाज सांगतो, की येशूची खरी शिकवण चर्चने सोळाशे वर्षे दडवून ठेवली होती आणि ती आता उघडकीस आली आहे. शुभवर्तमान म्हणजे येशूचे जीवन किंवा शिकवण सांगणारा ग्रंथ. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याच्या नावाचे ‘यहूदाचे शुभवर्तमान’ २००६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा अशा चर्चेला उधाण आले होते. २०१२ साली येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द असलेला पपायरसचा (पाणवनस्पतीपासून बनवलेल्या प्राचीन कागदाचा) एक तुकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला, तेव्हा ते पुन्हा आले. या चित्रफितींमध्ये अनेक खऱ्या गोष्टी असतात, म्हणूनच त्यांतल्या खोट्या गोष्टी वेगळ्या काढणे अवघड जाते.

माझ्या मते सगळा घोटाळा ‘गुप्त’ या एका शब्दाने केला आहे. हा शब्द येथे तीन वेगळ्या अर्थांनी येतो. काही ग्रंथांच्या लेखकांनीच आपल्या शिकवणीला ‘गुप्त’ म्हटले, हा पहिला अर्थ. त्या ग्रंथांच्या प्रती कोणीतरी जमिनीत पुरून ठेवल्या, हा दुसरा. आणि चर्चने त्यांचे वाचन बंद पाडले, हा तिसरा. तिन्ही गोष्टी घडल्या, परंतु त्या वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या लोकांनी आणि वेगवेगळ्या कारणांनी केल्या.

रांजणात काय होते?

डिसेंबर १९४५ मध्ये दक्षिणेकडील, म्हणजे ‘वरच्या’, इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ, जबल अल्-तारिफ या डोंगराच्या पायथ्याशी, खतासाठी माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक मातीचा रांजण सापडला. त्यात चामड्याच्या वेष्टनात बांधलेली पपायरसची पुस्तके होती. घरी आणल्यावर आईने त्यांतली काही पाने चुलीत घातली, असे रांजण शोधणारा शेतकरी पुढे सांगत असे. मात्र ही हकिगत त्याने अनेक वर्षांनी सांगितली आणि तिचे तपशील दर खेपेस बदलत गेले, त्यामुळे अभ्यासक तिच्याकडे आता सावधपणे पाहतात. पुस्तके मात्र खरी आहेत. बारा पुस्तके आणि तेराव्याची काही पाने मिळून त्यांत ५२ लेख आहेत. तेराव्या पुस्तकाची ती पाने कोणीतरी फाडून सहाव्या पुस्तकाच्या वेष्टनात सरकवून ठेवली होती. भाषा कॉप्टिक, म्हणजे ग्रीक वळणाच्या अक्षरांत लिहिलेली इजिप्शियन भाषा. पण मूळ लेख ग्रीकमध्ये रचले गेले होते. आज ही पाने कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत.

ही पुस्तके केव्हाची, हे ठरवण्याची रीत मला फार आवडते. चामड्याचे वेष्टन ताठ राहावे म्हणून बांधणाऱ्याने आत रद्दी कागद चिकटवले होते, आणि त्या रद्दीत तारखा घातलेली कागदपत्रे निघाली. त्यांतली सर्वांत अलीकडची तारीख इ. स. ३४८ ची आहे. म्हणजे ते वेष्टन त्यानंतरच बांधले गेले असणार.

आणखी एक गोष्ट चित्रफितींत सहसा सांगितली जात नाही. रांजणात केवळ ‘येशूची गुप्त वचने’ नव्हती. त्यात प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला एक उतारासुद्धा आहे, आणि त्याचे भाषांतर इतके ढिसाळ झाले आहे की तो प्लेटोचा आहे हे चटकन ओळखूही येत नाही. एखाद्या वाचनवेड्या गटाचे कपाट म्हणावे, तसा हा संग्रह आहे.

जाणते आणि नेणते

या संग्रहातले बरेचसे लेख ज्या प्राचीन ख्रिस्ती गटांच्या विचारांतून आले, त्यांना ग्नॉस्टिक म्हणतात. ‘ग्नोसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ज्ञान. हा शब्द आणि आपला ‘ज्ञान’ हे एकाच प्राचीन मुळाचे दोन कोंब आहेत. मराठीतले ‘जाणणे’सुद्धा त्याच मुळातून आले. त्यामुळे ग्नॉस्टिक या शब्दाला मराठीत एक सहज प्रतिशब्द सुचतो : जाणते. मराठीत ‘जाणता’ म्हणजे ज्याला कळते तो आणि वयात आलेला असेही दोन्ही अर्थ निघतात, आणि ‘नेणता’ म्हणजे अजाण मूल. हे दोन्ही अर्थ ग्नॉस्टिकांना नेमके लागू पडतात, कारण आपण प्रौढ झालो आहोत आणि बाकीचे ख्रिस्ती अजून बाळबोध पातळीवर आहेत, अशी त्यांची धारणा होती. (जाता जाता : अज्ञेयवादी या अर्थाचा ‘अग्नॉस्टिक’ हा इंग्रजी शब्द टी. एच. हक्स्ली यांनी १८६९ साली घडवला, तो या सर्वज्ञ मंडळींना उद्देशून मारलेल्या टोल्यासारखाच होता.)

हे ज्ञान माहितीच्या स्वरूपाचे नव्हते. जत्रेत हरवलेले एक मूल परक्या घरी वाढले आहे, असे समजा. त्याला शिक्षा देऊन किंवा माफी देऊन काही साधणार नाही. त्याचे खरे नाव आणि गाव कोणीतरी सांगितले, आणि ते ऐकताच त्याच्या मनात लख्ख उजाडले, तर त्याची सुटका होईल. ग्नॉस्टिकांच्या लेखी ‘ग्नोसिस’ म्हणजे अशी ओळख पटणे. माणूस या जगाचा नाही. वरच्या प्रकाशाचा एक अंश त्याच्यात अडकून पडला आहे, आणि तो हे विसरला आहे.

मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती विचाराशी त्यांचा खरा वाद येथे सुरू होतो. त्या विचारात माणसाचा आजार म्हणजे पाप आणि त्यावरचा उपाय म्हणजे क्षमा. ग्नॉस्टिकांच्या मते आजार म्हणजे विस्मरण आणि उपाय म्हणजे आठवण. आजाराचे निदानच बदलल्यावर वैद्याचे कामही बदलणारच.

मग हे जग कोणी घडवले?

अडकून पडलो, तर अडकवले कोणी? याचे उत्तर ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ देते. नाग हम्मादीच्या संग्रहात याच्या तीन प्रती निघाल्या आणि चौथी बर्लिनमध्ये आहे, यावरून त्याचा बोलबाला ध्यानात यावा. त्यातली कथा अशी : सर्वांच्या वर एक अदृश्य, अवर्णनीय परमात्मा आहे. त्याच्यापासून प्रकटलेल्या दैवी तत्त्वांपैकी सोफिया, म्हणजे प्रज्ञा, हिने आपल्या जोडीदाराच्या संमतीवाचून काही निर्माण करायचे ठरवले, आणि तिच्या पोटी सिंहमुखी सर्पासारखे एक बेढब अपत्य जन्मले. तिने ते ढगाआड लपवले. याल्दाबाओथ नावाच्या या अपत्याने आपल्या अज्ञानात हे भौतिक जग घडवले.

दूरच्या गावी नेमलेला एखादा कारकून, वरचे साहेब कधी फिरकतच नाहीत म्हणून, हळूहळू स्वतःलाच सरकार समजू लागतो, शिक्के मारतो, दंड ठोठावतो, आणि शेवटी ‘माझ्यावर कोणी नाही’ असे सांगू लागतो, तसा हा जगाचा कर्ता आहे. बायबलच्या जुन्या करारात देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो आणि आपल्यावाचून दुसरा देव नाही असे सांगतो. ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ ही वाक्ये या कारकुनाच्या तोंडी घालते आणि लगेच टिप्पणी करते : दुसरा कोणी नसेल, तर हा ईर्ष्या कोणाची करतो?

या एका प्रश्नात सगळी ग्नॉस्टिक वाचनपद्धत दिसते. ते बायबल फेकून देत नाहीत, ते उलटे वाचतात. गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तून मराठी वाचकाला जी आदामाची कथा भेटते, तीत निषिद्ध फळ खाणे हा अधःपात आहे. नाग हम्मादीच्या एका लेखात मात्र ज्ञानाचे फळ खाऊ घालणारा साप हाच हितकर्ता ठरतो, आणि ते फळ नाकारणारा देव मत्सरी ठरतो.

येशू मग कोण?

जग चुकून घडले असेल आणि शरीर हा तुरुंग असेल, तर वरून आलेला तारक खरोखर हाडामांसाचा कसा असेल? काहींनी उत्तर दिले, की तो तसा नव्हताच, केवळ भासत होता. ‘भासणे’ या ग्रीक क्रियापदावरून या मताला डोसेटिझम म्हणतात. आपण त्याला भासवाद म्हणू. ‘योहानाची कृत्ये’ या जुन्या ग्रंथात येशूचा शिष्य योहान सांगतो, की येशूला हात लावावा तर कधी शरीर घट्ट लागे आणि कधी काहीच नसल्यासारखे वाटे. त्याच्या पावलांचा ठसा जमिनीवर उमटतो का, हे पाहण्याचा योहान प्रयत्न करी आणि त्याला तो कधी दिसला नाही. त्याच ग्रंथात येशूला वधस्तंभावर खिळले जात असताना योहान जैतुनांच्या डोंगरावरील गुहेत पळून जातो, तर तेथे येशू त्याच्यासमोर उभा राहून सांगतो, की खाली यरुशलेममधील गर्दीच्या दृष्टीने मी आत्ता वधस्तंभावर आहे. नाग हम्मादीच्या सातव्या पुस्तकात तर तारक वरून पाहत हसतो आहे.

हे वाचून सगळ्याच ग्नॉस्टिकांनी वधस्तंभ नाकारला असे समजणे चुकीचे ठरेल. ‘सत्याचे शुभवर्तमान’ या अतिशय सुंदर प्रवचनात येशूला खरोखर झाडावर खिळले जाते आणि तो पित्याच्या ज्ञानाचे फळ होतो. एदेनच्या बागेतले झाड आणि वधस्तंभाचे लाकूड येथे एकमेकांना भेटतात. हे प्रवचन व्हॅलेंटिनस या इजिप्तमधून आलेल्या आणि इ. स. १४० च्या सुमारास रोममध्ये शिकवणाऱ्या विद्वानाच्या परंपरेतले मानले जाते. या परंपरेतले लोक इतर ख्रिस्ती लोकांबरोबर उपासनेला बसत. म्हणूनच आजचे अनेक अभ्यासक ‘ग्नॉस्टिक’ हे एकच लेबल इतक्या भिन्न मंडळींना लावायला कचरतात. मी ते केवळ सोयीसाठी वापरतो आहे.

यहूदाच्या शुभवर्तमानात हा शरीराचा विचार टोकाला जातो. तेथे येशू यहूदाला म्हणतो, की मला पांघरलेल्या माणसाचा तू बळी देशील. ‘पांघरलेला माणूस’ म्हणजे शरीर. या वाक्यावरून यहूदा नायक ठरला अशी बातमी २००६ साली झाली. त्यानंतर भाषांतराच्या काही जागांवर आक्षेप आले आणि यहूदा तेथे सैतानी शक्तींच्याच बाजूचा आहे, असेही काही अभ्यासकांनी मांडले. हा वाद मिटलेला नाही.

ग्नॉस्टिक कल्पना एका गोष्टीत समजून घ्यायची असेल, तर मी ‘मोत्याचे गीत’ सुचवीन, जरी ते काटेकोर अर्थाने ग्नॉस्टिक आहे की नाही याबद्दल दुमत आहे. पूर्वेकडील एक राजपुत्र सर्पाच्या पहाऱ्यातला मोती आणण्यासाठी इजिप्तला जातो, तेथले अन्न खातो आणि आपण कोण हे विसरून झोपी जातो. मग घरून पत्र येते, ते वाचून त्याला शुद्ध येते, तो मोती घेऊन परततो आणि त्याचा राजवस्त्राशी पुन्हा मेळ होतो. हे गीत ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात आले आहे, आणि त्याच ग्रंथात थोमा गुलाम म्हणून विकला जाऊन भारतात गोंडोफर्नेस राजाकडे येतो. या राजाची नाणी वायव्येकडील प्रदेशात खरोखर सापडली आहेत.

शिकवण ‘गुप्त’ कशासाठी?

ग्नॉस्टिकांकडे यासाठी आधार होते आणि ते चर्चला मान्य असलेल्या ग्रंथांतलेच होते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, की देवाच्या राज्याचे रहस्य तुम्हांला दिले आहे, बाहेरच्यांना मात्र सर्व काही दाखल्यांनीच, म्हणजे दृष्टांतकथांनीच, मिळते. पौल हा आद्य ख्रिस्ती प्रचारक करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहितो, की प्रौढांमध्ये आम्ही ज्ञान सांगतो. मग ते रहस्य कोणते आणि ते प्रौढ कोण, हे विचारणे अगदी स्वाभाविक होते. व्हॅलेंटिनसचे अनुयायी सांगत, की त्याला ही शिकवण पौलाचा शिष्य थ्यूदास याच्याकडून मिळाली. अलेक्झांड्रियाचा ग्नॉस्टिक शिक्षक बॅसिलिडीस येशूचा शिष्य पेत्र याच्या दुभाष्याचे नाव सांगे. पुनरुत्थानानंतर येशू १८ महिने शिष्यांना शिकवत राहिला, असेही काही गट मानत; त्या काळात हवी तेवढी रहस्ये मावू शकत होती.

‘थोमाचे शुभवर्तमान’ उघडताच सांगते, की ही जिवंत येशूची गुप्त वचने आहेत आणि यांचा अर्थ ज्याला सापडेल त्याला मरणाची चव चाखावी लागणार नाही. त्यात कथा नाही, चमत्कार नाहीत, वधस्तंभही नाही. केवळ ११४ वचने आहेत, आणि त्यांतली बरीचशी मत्तय आणि लूक यांच्या वाचकाला आधीच ठाऊक असतात. येथे ‘गुप्त’चा अर्थ दडवलेला मजकूर असा नाही. मजकूर समोर आहे, अर्थ शोधायचा आहे. ‘लाकूड फोडा, मी तेथे आहे, दगड उचला, मी तेथे सापडेन’ हे वचन कोणापासून लपवायचे?

विरोधकांचे म्हणणे

इ. स. १८० च्या सुमारास लिऑनचा बिशप इरेनियस याने या मतांविरुद्ध पाच खंड लिहिले. नाग हम्मादीच्या आधी ग्नॉस्टिकांविषयीची बहुतेक माहिती अशा विरोधकांकडूनच मिळत होती. इरेनियस म्हणतो, की प्रेषितांना काही गुप्त रहस्ये ठाऊक असती, तर ज्यांच्या हाती त्यांनी मंडळ्या सोपवल्या त्यांनाच ती प्रथम सांगितली असती. हा मुद्दा आजही वजनदार वाटतो. तो ग्नॉस्टिकांच्या बायबल वाचण्याच्या रीतीला राजाच्या चित्राची उपमा देतो : रंगीत खड्यांनी जडवलेले राजाचे सुरेख चित्र उखडून त्याच खड्यांतून कोणी कोल्हा बनवावा आणि खडे तेच आहेत म्हणून हाच राजा असे सांगावे. त्यांच्या दैवी तत्त्वांच्या लांबलचक नामावळ्यांची थट्टा करताना तर तो भोपळा, काकडी आणि खरबूज यांची वंशावळ रचतो. धर्मशास्त्राच्या ग्रंथात काकडी भेटल्यावर वाचकाला हायसे वाटते.

‘पण मग चर्चने हे दडपलेच ना?’

अर्धे उत्तर हो असे आहे. मात्र इरेनियसकडे दडपण्याची सत्ता नव्हती. इ. स. १७७ साली लिऑनमध्ये ख्रिस्ती लोकांचाच छळ होऊन आधीचा बिशप मरण पावला होता. दीडशे वर्षांहून अधिक काळ हा लेखणीचा वाद होता. चौथ्या शतकात सम्राट ख्रिस्ती झाले आणि चित्र पालटले. इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने ईस्टरच्या पत्रात आजच्या नव्या करारातील २७ पुस्तकांची यादी दिली आणि इतर ‘गुप्त’ पुस्तकांना पाखंड्यांची रचना ठरवले. हे पत्र वाचून जवळच्या मठातील कोणी पुस्तके जाळण्याऐवजी पुरली असावीत, असा एक तर्क आहे. ती कोणा श्रीमंत वाचकाच्या थडग्यात ठेवली असावीत, असा दुसरा. दोन्ही तर्कच आहेत.

इ. स. ३२५ च्या बिशपांच्या निकेया परिषदेत मतदान घेऊन बायबलमधली पुस्तके निवडली, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. तेथील मुख्य विषय एरियसचे मत, म्हणजे पुत्र (येशू) पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा आहे की नाही, हा होता.

‘हीच जुनी आणि खरी शुभवर्तमाने असतील तर?’

पौलाची पत्रे इ. स. ५० ते ६० च्या दशकातील आहेत. मार्काचे शुभवर्तमान सर्वसाधारणपणे इ. स. ७० च्या आसपासचे आणि बायबलमधली इतर तीन शुभवर्तमाने पहिल्या शतकाच्या अखेरपर्यंतची मानली जातात. ग्नॉस्टिक ग्रंथ बहुतांशी दुसऱ्या शतकातले आणि त्यानंतरचे आहेत. थोमाचा अपवाद करता येईल : त्याचे ग्रीक तुकडे इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे १८९७ पासून सापडले, ते साधारण इ. स. २०० च्या सुमारापासूनचे आहेत, आणि त्यातली काही वचने बरीच जुनी असू शकतात यावर गंभीर चर्चा चालते. एरवी हे ग्रंथ इ. स. ३० मधल्या येशूविषयी थोडे आणि इ. स. १५० मधल्या ख्रिस्ती लोकांविषयी पुष्कळ सांगतात. त्यांचे मोल मला त्यातच वाटते.

२०१२ चा ‘पत्नी’वाला तुकडा बनावट होता. त्याचे शब्द थोमाच्या शुभवर्तमानातून उचलून जुळवलेले होते, आणि इंटरनेटवरील एका आवृत्तीतली छपाईची चूकसुद्धा त्यात जशीच्या तशी उतरली होती. येशू काश्मीर किंवा लडाखमध्ये राहिला, ही आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी कथाही ग्नॉस्टिक ग्रंथांत नाही. लडाखच्या हेमिस मठात तसा ग्रंथ पाहिल्याचा दावा नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली केला, आणि पुढच्याच वर्षी तेथे गेलेल्या एका प्राध्यापकाला मठाच्या प्रमुखांनी असा ग्रंथ नाही असे सांगितले.

‘आणि मग्दालीया मरीया?’

‘फिलिप्पाचे शुभवर्तमान’ येशूची अनुयायी असलेल्या या मरीयेला त्याची सोबतीण म्हणते आणि तो तिचे चुंबन घेत असे, असे सांगते. कोठे, तो शब्द असायला हवा नेमका तेथे पपायरस फाटलेला आहे. भाषांतरांत ‘ओठांवर’ असे छापलेले दिसते, ते संपादकांनी भरलेले आहे. त्याच ग्रंथात पूर्णत्वाला पोचलेले लोक चुंबनाने गर्भ धारण करतात असेही म्हटले आहे. म्हणजे चुंबन ही तेथे ज्ञान देण्याची खूण आहे, संसाराची नव्हे. ग्नॉस्टिक स्त्रीसमानतावादी होते, हेही सरसकट खरे नाही. थोमाच्या शेवटच्या वचनात पेत्र मरीयेला बाहेर काढा म्हणतो, आणि मी तिला पुरुष बनवीन, असे येशूचे उत्तर आहे.

मरीयेच्या नावाचे शुभवर्तमान १८९६ साली कैरोत विकत घेतलेल्या आणि आज बर्लिनमध्ये असलेल्या पुस्तकात आहे. त्याच्या एकोणीस पानांपैकी दहा नाहीत : सुरुवातीची सहा, आणि येशूने तिला एकटीला सांगितलेले ती इतरांना सांगू लागते तेथली मधली चार. उरलेल्या पानांत तिचे बोलणे संपते तेव्हा शिष्यांपैकी आंद्रिया म्हणतो, हे विचार विचित्र आहेत. पेत्र विचारतो, आपल्याला न सांगता तो एका बाईशी एकांतात बोलला काय? मरीया रडू लागते. लेवी पेत्राला तापट म्हणतो आणि तारकाने तिला योग्य ठरवले असेल तर तिला धुडकावणारा तू कोण, असे सुनावतो. मग, कॉप्टिक प्रतीनुसार, ते सगळे उपदेश करायला बाहेर पडतात. तिसऱ्या शतकातल्या ग्रीक तुकड्यात मात्र एकटा लेवी बाहेर पडतो.